आजीचा गुडघा नक्की कसा दुखतो?

प्रिय चिमे,

तुझ्या वहीचा फोटो पाहिला. सिक, इल, अनवेल, पुअरली या चौघांपुढे तू एकच अर्थ लिहिलायस, 'आजारी', आणि खाली वैतागून विचारलंयस, 'मग चार शब्द कशाला?' मीही नर्सांच्या इंग्रजीच्या परीक्षेपुरते असेच पाठ केले होते. फरक कळला तो इथे ब्रिटनमधल्या हॉस्पिटलच्या वॉर्डात, नर्स म्हणून फजिती झाल्यावर.

कामावर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सकाळी एक आजोबा म्हणाले, 'आय वॉज सिक इन द नाइट.' मी मान डोलावली आणि लिहून टाकलं, रात्री बरं वाटत नव्हतं. थोड्या वेळाने आमच्या सिस्टर आल्या (इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची प्रमुख). त्यांनी वाचलं आणि आजोबांना विचारलं, 'हाऊ मेनी टाइम्स?' ते म्हणाले, 'थ्री.' मी बघतच राहिले. एका रात्रीत माणूस तीन वेळा आजारी कसा पडेल? अगं, ब्रिटिश बोलण्यात 'आय वॉज सिक' म्हणजे उलटी झाली! मळमळत असेल तर 'आय फील सिक'. आजारी असेल तर 'इल'. आणि गंमत म्हणजे आजारपणाची रजा घेतलेला माणूस मात्र 'ऑफ सिक'च असतो, उलटी होवो न होवो. अमेरिकेत ही भानगड नाही, तिथे सिक म्हणजे सरळ आजारी.

पुअरली ऐकायला गरीब वाटतो. घरात कुणी म्हटलं तर जरा कणकण आहे इतकंच. पण हॉस्पिटलात नर्स हळू आवाजात 'ही इज व्हेरी पुअरली' म्हणाली, की तब्येत नाजूक आहे, घरच्यांना बोलावून घ्यावं, असं समजायचं. 'अंडर द वेदर'ला घाबरू नकोस. अंग मोडून आलंय, एवढाच त्याचा जीव.

आता दुखणं. इथे तुला पाठांतराची गरजच नाही, कारण आपल्याकडे दुखण्याला शब्दांचा तोटा नाही. डोकं ठणकतं, जखम चुरचुरते, पाठीत सणक जाते, पायाला मुंग्या येतात, पोटरीत गोळा येतो. आता हेच इंग्रजीत म्हण: थ्रॉबिंग, स्टिंगिंग, शूटिंग, टिंगलिंग, क्रॅम्प. शूटिंगला हसू नकोस, गोळी सुटावी तशी कळ एका जागेवरून दुसरीकडे जाते म्हणून शूटिंग. ठुसठुसण्याला मात्र तोडीस तोड शब्द नाही, तिथे थ्रॉबिंगवरच भागवावं लागतं.

हे शब्द डॉक्टरही फार गंभीरपणे घेतात. कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली छापली. तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेत. पहिल्याच गटात बघ: फ्लिकरिंग, क्विव्हरिंग, पल्सिंग, थ्रॉबिंग, बीटिंग, पाउंडिंग. नुसतं फडफडण्यापासून घणाचे घाव बसण्यापर्यंत चढत जातं. पेशंटने त्यातला कुठला शब्द उचलला, त्यावरून दुखणं कुठल्या जातीचं आणि किती जोराचं, याचा अंदाज येतो. समानार्थी म्हणून कुठलाही एक टाकून चालेल का, सांग.

आणखी तिघं सतत गोंधळ घालतात: पेन, एक, सोअर. (यातला 'एक' म्हणजे आपला एक-दोन-तीनमधला नव्हे, हेडेकमधला.) पेन हा सगळ्यांचा बाप, कुठल्याही दुखण्याला चालतो. एक म्हणजे मंद, रेंगाळणारं दुखणं. हात लावला, गिळलं, हलवलं की दुखतं ते सोअर. हेडेक, टूथेक, इअरेक, बॅकेक आहेत, पण थ्रोटेक नाही. घसा नेहमी सोअर. असं का, विचारू नकोस, कान तयार होऊ दे. आणि 'माय लेग इज पेनिंग' आजपासून बंद. ते आपल्याकडचं इंग्रजी. इथे पाय 'हर्ट्स'.

ट्रीट, क्युअर, हील एका झटक्यात सांगते: उपचार करणं, रोग घालवणं, जखम भरून येणं. अपघातात लागलं तर इन्जर्ड, शस्त्राने किंवा लढाईत लागलं तर वूंडेड.

पासच्या गोतावळ्यात मात्र जपून. पास अवे म्हणजे वारणं, पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं, पास वॉटर म्हणजे लघवीला होणं. मी ओळख करून देताना ऐटीत सांगितलं, 'आय पास्ड आउट फ्रॉम नर्सिंग कॉलेज,' तर शेजारची काळजीने बघायला लागली. लष्करातल्या पासिंग आउट परेडपुरतं ते ठीक आहे, आपण आपलं 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं.

दुखण्यावरचे वाक्प्रचार निम्मे तुला न शिकता येतील. जखमेवर मीठ चोळणं तिकडेही आहे, अगदी मीठासकट. मानेतलं दुखणं, म्हणजे 'पेन इन द नेक', ही आपली डोकेदुखी, तेही माणसाबद्दल. उघड्या जखमेसारखा नाजूक विषय, तो 'सोअर पॉइंट'. फसवा एकच. मी रजेवरून परतले तेव्हा एक आजी म्हणाल्या, 'यू आर अ साइट फॉर सोअर आइज!' मी टॉर्च काढून विचारलं, 'कुठला डोळा?' अख्खी खोली हसली. त्यांना म्हणायचं होतं, तुला बघून डोळे निवले गं बाई.

तुझ्या परीक्षेत बोलण्याचे दोन प्रसंग येतील, तू नर्स आणि समोरचा पेशंट. सराव घरीच कर. आजीला विचार, गुडघा ठणकतो, कळ मारतो की नुसता आखडतो. बसल्यावर की जिना चढताना. ती मराठीत जे सांगेल ते इंग्रजीत लिही आणि रविवारच्या फोनआधी पाठव. आईबाबांना नमस्कार. आजीला म्हणावं, नीट सांग, नेहमीसारखं 'दुखतंय मेलं' नको.

तुझी,
ताई