आतडं अडलेलं नसतं, थांबलेलं असतं

मा. संपादक,

खुब्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आईचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. वारा सरेना, नुसतं बोट टेकवलं तरी कळवळायची. आतड्याला पीळच पडला असं वाटलं. सीटी स्कॅनमध्ये मात्र अडथळा कुठेच नव्हता. मोठ्या आतड्याची हालचाल थंडावली होती. हा ओगिल्वी सिंड्रोम. ब्रिटिश सर्जन ओगिल्वी यांनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. नळीने हवा काढून, सलाइनमधून पोटॅशियम भरून आई सावरली. काहींना आतडं हलतं करणाऱ्या निओस्टिग्मिनचं इंजेक्शन लागतं. मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग १२ सेंटिमीटरच्या पुढे फुगला, तर तो फुटण्याचा धोका वाढतो. खुब्याच्या, सिझेरियनच्या पेशंटच्या घरच्यांना हे आधीच सांगायला हवं. आम्ही पहिली अख्खी रात्र ओवा-हिंगात घालवली.

– एक वाचक, सातारा