उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या मुलांना गेटच्या आत येऊ द्या

माननीय उच्च शिक्षणमंत्री, कर्नाटक सरकार, यांस
सादर नमस्कार.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मी तीस वर्षं मोल्डिंगला, वाळूचे साचे करायच्या कामाला, होतो. निवृत्त झालो तेव्हा धाकटी मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होती. प्रकल्पासाठी तिनं फौंड्रीतल्या कचऱ्याचा विषय घेतला. पण एकाही कारखान्यानं तिला आत घेतलं नाही. माझी ओळखही कामी आली नाही. शेवटी पुस्तकांतून माहिती जमवून तिनं प्रकल्प पुरा केला. मार्क चांगले पडले, प्रकल्प कपाटात गेला.

आत गेली असती तर तिला काय दिसलं असतं, ते मी सांगतो. भट्टीचं झाकण उघडं ठेवून लोखंड वितळवलं की उष्णता वर निघून जाते आणि वीज जास्त लागते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. किती युनिट वाया जातात, ते कुणीच मोजलं नव्हतं. कॉम्प्रेसरची हवा पाइपाच्या सांध्यांतून दिवसभर फुसफुसत गळायची. जळकी वाळू प्रक्रिया करून पुन्हा वापरता येते, तरी आम्ही ती ट्रॉली भरभरून सखल जागी नेऊन ओतत होतो. मालक वाईट नव्हते हो. ऑर्डरीच्या घाईत हे मोजत बसायला माणूसच नव्हता.

असा माणूस आपल्याकडे तयार आहे, तो म्हणजे आपले विद्यार्थी. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून. अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड ही संस्था २००८ पासून उन्हाळ्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कंपन्यांत पाठवते. वीज कुठे वाचेल ते ही मुलं हिशेबासकट मांडतात, आणि त्यांना त्याचं मानधन मिळतं.

इथं तर कामाला तोटा नाही. मच्छेतले कारखाने आहेत, जिल्हाभर साखर कारखाने आहेत. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीच्या बाजूला खानापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायती आहेत. आणि बळ्ळारी नाला! पावसाळ्यात तो फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातलं भात पाण्याखाली कुजतं. गाळ कुठे साचलाय, पाणी कुठल्या बांधावरून आधी आत शिरतं, हे तिथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. एखाद्या विद्यार्थ्यानं तीन महिने त्याच्याबरोबर फिरून ते नकाशावर उतरवलं, तर अधिकाऱ्यांपुढे ठेवायला हातात काहीतरी राहील.

म्हणून विनंती अशी, की आपल्या खात्यानं कारखाने, पंचायती अशा संस्थांशी करार करून मुलांना तीन महिने तिथं पाठवावं. मानधन द्यावंच. खानापूरच्या खेड्यातली मुलगी बसभाडं आणि खोलीभाडं पदरचं घालून हे करू शकणार नाही. अहवाल कन्नड आणि मराठी दोन्हींत असावा, कारण भट्टीवरचा कामगार, पंचायतीतला कारकून आणि नाल्याकाठचा शेतकरी, तिघांनाही तो वाचता आला पाहिजे. आणि त्यातलं काय केलं, काय नाही केलं नि का, याचं लेखी उत्तर संस्थेनं सहा महिन्यांत द्यावं. या एका अटीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. तेवढी अट नसेल तर फक्त कपाट बदलेल.

सुरुवात वीस मुलांपासून झाली तरी चालेल. हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधला याल, तेव्हा एक संध्याकाळ उद्यमबागेसाठी काढा. भट्ट्या दाखवायला मी बरोबर येईन. माझ्या मुलीलाही आत घेऊन चला.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार, बेळगाव