बेस आणि तुझी किक

प्रिय बंड्या,

आमच्या तब्येती उत्तम, आईचं बीपी गोळीवर आटोक्यात. आता मुद्द्याचं. काल रात्री माझा बेस गिटार आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम, अगदी एका ठोक्यावर लॉक झाले रे! सांगणार कुणाला? हिला सांगितलं तर म्हणाली, "छान, जेवायला ये."

सध्या बेसवादक बिली शीहानचा शिकवणीचा व्हिडिओ लावून बसतो. हा माणूस उजव्या हाताची तीन बोटं वापरतो. मी अनामिका, मध्यमा, तर्जनी असा क्रम धरलाय. मात्रेत चार स्वर घेतले की दुसरी मात्रा मध्यमेवर सुरू होते, तिसरी तर्जनीवर, चौथीला परत अनामिका. तू तबला शिकलायस, तुला लगेच कळेल. वजन मात्र प्रत्येक बोटाचं सारखं पडायला हवं, आणि अनामिका दमते.

काल वेगाचा नाद सोडला. किक पडली की स्वर छेडायचा, स्नेअर (काठीने वाजणारा तो कडक आवाजाचा ड्रम) पडला की डाव्या बोटाचा दाब काढायचा, बोट तारेवरच ठेवायचं. स्वर तिथेच बंद. थोड्या वेळाने किक वेगळी ऐकूच येईना!

पण ती लय माझी होती की व्हिडिओतल्या ड्रमरची? झोपच लागली नाही. तो दमत नाही, बिचकत नाही, रोज तसाच वाजतो. तो बंद केला की मी पळतोय का रेंगाळतोय, कसं कळणार? मोबाइलवर रेकॉर्ड केलं, पण खालच्या ई तारेचे ४१ हर्ट्झ त्या चिमुकल्या स्पीकरला पेलतच नाहीत. ऐकू येते नुसती बोटांची टकटक.

पळण्यावरून आठवलं, कॉलेजच्या फिरोदिया करंडक स्पर्धेत लय तूच पळवली होतीस. शिऱ्याला विचार! पण तुझ्या पायासारखी किक मी त्यानंतर ऐकलेली नाही, हेही खरं.

गणपतीत येतोयस ना? तुझं पेडल माळ्यावर आहे, काकूंना विचारून काढून ठेवतो. तासभर बसू, मिनिटाला नव्वद मात्रांची लय, मधली सजावट, फिल एकही नको. मी किकच्या पुढे पडतोय की मागे, एवढंच सांग. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला पटायचं नाही.

नवीन नोकरी कशी आहे? चिनूची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार. तिकिटं काढलीस की लगेच कळव, त्या दिवसांची रजा टाकायचीय.

तुझा,
राजा