अंगावर काढू नकोस

प्रिय बये,

परवा फोनवर तू जे अर्धवट बोललीस, ते डोक्यातून जाईना. "मध्येच एकदा डाग लागला होता गं," म्हणालीस आणि लगेच गुडघ्यांवर घसरलीस. तुझ्या गुडघ्यांचं सगळं पुराण मी निमूट ऐकून घेतलं, कारण नको तो विषय काढला की तू फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. हे तू पूर्ण वाचशील, तुझी उत्सुकता मला माहीत आहे.

तुझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर लाल, गुलाबी, तपकिरी जे काही दिसेल, थेंबभर का असेना, एकदाच का असेना, ते दाखवायचं. "परत आलं तर बघू" हे चालत नाही.

मी हे एवढ्या अधिकाराने का सांगतेय? माझी पिशवी काढली तेव्हा गाठी होत्या असं मी तुला सांगितलं होतं. गाठी नव्हत्या. कॅन्सर होता. तुझ्याशीसुद्धा मी खोटं बोलले. हे तीन वर्षं पोटात ठेवलंय; आता रागाव, पण वाचत राहा.

माझा पहिला डाग नखाएवढा होता, फिकट गुलाबी. मी कपडा गार पाण्यात भिजवला, घासला, वाळत घातला. तीन आठवड्यांनी पुन्हा. कपाटाच्या तळाशी एक जुनं पॅड सापडलं. पिवळं पडलेलं, चिकटपट्टीचा गोंद सुकून गेलेला. ते हातात धरून मी बराच वेळ उभी होते. मग स्वतःला समजावलं की परवा जड उचललं, उन्हातून आले, झोप झाली नाही. कारणं सुचायला लागली की माणूस किती हुशार होतो बघ.

शेवटी गेले, तर पहिल्या डॉक्टरांनी तपासलंसुद्धा नाही. "या वयात कोरडेपणा येतो, होतं असं," म्हणून मलम लिहून दिलं. मला तेच ऐकायचं होतं, मी खूश होऊन घरी आले. आणखी एक महिना गेला. कोरडेपणामुळे रक्त येतं हे खरंच आहे, बहुतेक वेळा कारण तसलंच साधं निघतं. पण न बघता ते सांगायचं नसतं आणि न बघता ऐकूनही घ्यायचं नसतं.

आता आकडे सांगते, तुला आकडे आवडतात. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. आतलं अस्तर पातळ होऊन सुकलेलं असतं, एखादा पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब असतो, हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम असतो. पण पाळी गेल्यावर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहा जणींत नऊ जणींना आधी रक्त दिसलेलं असतं. म्हणजे हा आजार बहुतेक वेळा दारावर टकटक करून येतो. गर्भाशयातच आहे तोवर सापडला, तर शंभरात जवळपास पंचाण्णव जणी पाच वर्षांनीही असतात. मी त्यातलीच होईन अशी चिन्हं आहेत.

रक्तच दिसेल असंही नाही. पाण्यासारखं किंवा वास येणारं अंगावरून जाणं, ओटीपोटात सारखं दुखणं, हेही सांगायचं. आणि पाळी चालू असलेल्यांनी दोन पाळ्यांच्या मधला रक्तस्राव, किंवा अचानक वाढलेला, "वयाप्रमाणे होतंय" म्हणून सोडायचा नाही.

तुला वाईट वाटेल, तरी लिहिते: आपल्या दोघींचं वजन. चरबीतून इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होत राहतं, पाळी गेल्यावर त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन नसतं, आणि अस्तर वाढत राहतं. त्यात तुला साखर आहे. याचा अर्थ तू काही चुकीचं केलंस असा नाही. बारीक बायकांनाही हा होतो. तुझ्या वहिनी स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन घेतात ना? त्या गोळीनेही अस्तर वाढू शकतं. त्यांनाही सांग, गोळी मनाने बंद करायची नाही, पण डाग दिसला की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवायचं.

आणि "माझी पॅप टेस्ट नॉर्मल आली होती" हे मला ऐकवू नकोस. ती गर्भाशयाच्या तोंडासाठी असते. आतल्या अस्तराचं तिच्यावरून ठरत नाही.

तपासणीला तू घाबरतेस, मीही घाबरले होते. आधी आतून सोनोग्राफी करतात, अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी. तरी रक्त येतच राहिलं तर पुन्हा जायचं. माझं अकरा होतं. मग बायोप्सी. एक बारीक, लवचीक नळी आत घालून अस्तराचा तुकडा ओढून घेतात. पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी कळ आली, मी टेबलाची कड घट्ट धरली, आणि "झालं" असं ऐकू आलं. आधी वेदनाशामक घेऊ का, हे विचारून घे. मी विचारलं नव्हतं. कधी तुकडा पुरेसा मिळत नाही, मग दुर्बिणीतून बघतात किंवा क्युरेटिंग करतात, म्हणजे अस्तर खरवडून घेतात. त्याने लगेच हबकून जायचं नाही.

रिपोर्टला आठ दिवस लागले. बायोप्सीपेक्षा ते आठ दिवस वाईट. मरणाची भीती नंतर आली. आधी वाटलं, मुलाला कोणत्या शब्दात सांगू? रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी जिन्यात होते, चष्मा घरी. दोन बोटांनी अक्षरं मोठी केली, तर पडद्यावर शब्दाचा मागचाच भाग उरला: "कार्सिनोमा". म्हणजे कॅन्सरच. शब्दाची सुरुवात बघायला बोट सरकेना. तिथेच पायरीवर बसले.

आणि तुला खोटं वाटेल, त्या रात्री मला झोप लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढचं थोडक्यात. गर्भाशय, नळ्या, बीजांडं काढली, पोटावर छोटी छिद्रं पाडून. पहिली स्टेज, ग्रेड एक, म्हणजे संथ वाढणारा. किमो नाही, रेडिएशन नाही, नुसत्या ठरलेल्या तपासण्या. मधले ते महिने मी उगाच घालवले. नशीब, त्यांनी फारसं बिघडवलं नाही; त्या भरवशावर तू राहू नकोस.

तर आता असं कर. डाग कधी लागला, केवढा होता, रंग कोणता, हे कागदावर लिहून ठेव. तिथे गेल्यावर आपण सगळं विसरतो. कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही. त्या दिवशी रक्त येत असेल तरी जायचं, "थांबल्यावर जाते" म्हणायचं नाही. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर मागून घे, तो आपला हक्क आहे.

अपॉइंटमेंट तू घेतली नाहीस तर मी घेईन. मी बरोबर येतेय. तू म्हणशील तर बाहेर बसेन, म्हणशील तर आत येऊन हात धरेन. घरी कुणाला सांगायचं नसेल तर सांग की मला दाखवायला चाललोय, माझ्या नावावर खपव.

गुडघ्यांचं नंतर बघू.

तुझीच

ता. क. माझ्यावर रागावली असशील तर फोन करून भांड. पण आधी तारीख सांग.