कालिम्पाँगला मुक्काम हवा, तोही हाटाच्या आदल्या रात्री

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्रातून दार्जिलिंग-गंगटोकच्या सहली निघतात. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याच डोंगराळ भागातल्या कालिम्पाँग या गावाचे नाव असते, पण बहुधा वाटेवरचा थांबा म्हणून. आम्ही ज्या सहलीबरोबर गेलो होतो तिच्यात या गावाला साडेतीन तास दिले होते. त्यातच जेवण, त्यातच निवडुंगाची रोपवाटिका आणि त्यातच दुर्पिन टेकडीवरचा मठ. परतीच्या वाटेवर आम्ही पतिपत्नी गटापासून वेगळे होऊन त्याच गावात दोन रात्री राहिलो. त्या दोन्ही अनुभवांतला फरक सहल-आयोजकांच्या आणि वाचकांच्या कानावर घालावा, म्हणून हे पत्र.

‘दुर्पिन’ म्हणजे आपली दुर्बीणच. तिथून खाली तीस्तेचे खोरे आणि आकाश स्वच्छ असेल तर समोर कांचनजंगा दिसते. टेकडीवरच्या झांग धोक पालरी या मठाची प्रतिष्ठापना १९७६ साली दलाई लामांच्या हस्ते झाली. १९५९ नंतर तिबेटमधून आणलेले धर्मग्रंथ तिथे जपून ठेवले आहेत. सुटी लांबट पाने आणि त्यांना कापडाचे वेष्टन पाहून आजोळच्या देवघरातल्या पोथ्या आठवल्या. गटाबरोबर गेलो तेव्हा आत पाठ चालू होता. आमच्यातले काहीजण ओळीने बसलेल्या भिक्खूंच्या मधून चालत गेले आणि एकाने मोबाइल थेट लोण्याच्या दिव्यांपाशी नेला. दहा-अकरा वर्षांच्या एका बालभिक्खूने पाठ न थांबवता हाताचा आडोसा करून ज्योत सांभाळली. त्या मुलाला आम्ही साधी क्षमाही मागितली नाही, कारण बाहेर गाडीचा भोंगा वाजू लागला होता.

मी शाळेत इतिहास शिकवत असताना दरवर्षी मुलांना कार्ल्याला नेत असे. तिथल्या चैत्यगृहात वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे आणि खांबाखांबांवर धेनुकाकट या गावच्या दात्यांची नावे आहेत. बंदरांकडून घाट चढून येणारा व्यापारी मार्ग आणि त्याच्या कडेची लेणी हे नाते मुलांना समजावताना माझी नेहमी दमछाक होई, कारण आज तिथे ना तो व्यापार उरला आहे, ना भिक्खुसंघ. कालिम्पाँगला ते नाते अजून डोळ्यांनी पाहता येते. जेलेप ला खिंडीतून खेचरांचे तांडे तिबेटी लोकर घेऊन याच गावात उतरत आणि परत जाताना कापड व इतर माल नेत. १९६२च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली. गाव १८६५ पर्यंत भूतानच्या ताब्यात होते आणि १६९२ सालचा मानला जाणारा थोंगसा गोम्पा (मठ) ही त्या काळाची खूण आहे. तिरपाईचा थार्पा चोलिंग मठ दलाई लामांच्या गेलुग पंथाचा. तिबेटी भाषेतले एक वृत्तपत्र १९२५ पासून जवळपास चार दशके इथूनच निघत होते, हे वृत्तपत्राच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

लोकरीचा व्यापार गेला तरी बाजार गेला नाही. बुधवार आणि शनिवार हे हाटाचे दिवस. आजूबाजूच्या खेड्यांतून लेपचा, भुतिया, नेपाळी अशी सगळी माणसे माल घेऊन येतात. दोऱ्यात ओवलेल्या छुर्पीच्या (दुधाच्या कडक चीजच्या) माळा, आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे गुंद्रुक, पानात बांधलेला आंबवलेल्या सोयाबीनचा किनेमा, आणि बोराएवढ्या लालभडक डल्ले मिरच्यांचे छोटे छोटे ढीग. माझ्याकडून मिरच्यांचे पैसे घेऊन झाल्यावर विक्रेत्या आजींनी स्वतःहून एक मूठ वर घातली आणि नेपाळीत काहीतरी बजावले. शेजारच्या मुलीने हिंदीत सांगितले, ‘‘एका भाजीला एकच टाका, जास्त नको.’’ त्याच आजी दुपारी हाट आटोपल्यावर मला थोंगसा गोम्प्याच्या आवारात मणीचक्रे (मंत्रांची प्रार्थनाचक्रे) फिरवत प्रदक्षिणा घालताना दिसल्या. बाजार आणि मठ ही तिथे दोन वेगळी ‘प्रेक्षणीय स्थळे’ नाहीत, हे मला त्या क्षणी कळले. सहलीच्या साडेतीन तासांत ते कळणे शक्यच नव्हते.

सहल-आयोजकांना माझी विनंती साधी आहे. दार्जिलिंगहून कालिम्पाँग सुमारे पन्नास किलोमीटर आहे. तिथला मुक्काम मंगळवारी किंवा शुक्रवारी ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी हाट आणि त्यानंतर घाई न करता मठ पाहता येतील. वेळ नसतो ही अडचण मला मान्य आहे. परंतु ४ ऑक्टोबर २०२३ च्या पुरानंतर तीस्तेच्या काठचा महामार्ग वारंवार बंद पडतो आणि तासातासाचे घट्ट बांधलेले वेळापत्रक तसेही कोलमडते; तेव्हा वाटेत एक मुक्काम असलेला बरा. गाडीतून उतरण्यापूर्वी मार्गदर्शकाने चार गोष्टी सांगाव्यात: पादत्राणे बाहेर ठेवावीत, स्तूपाला आणि मणीचक्रांना उजवी घालून चालावे, छायाचित्रासाठी आधी विचारावे, आणि पाठ चालू असेल तर भिंतीकडेला शांत बसावे किंवा बाहेर थांबावे. येत्या दिवाळीच्या सहलींची आखणी आता सुरू होईल. ती करतानाच हा बदल व्हावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, तळेगाव दाभाडे