रविवारच्या बैठकीची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता बेळगावच्या टिळकवाडीत लेले मैदानाच्या गेटजवळ जमायचं आहे. विषय एकच: भारताच्या पुढच्या फुटबॉल सामन्याला गाडी ठरवायची की नाही.

राग सगळ्यांनाच आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला चोर्ला घाट उतरून गोव्यात फातोर्ड्याला गेलो, आपल्या छांगतेचा गोल 14 व्या मिनिटाला बघून घसे बसवले आणि सिंगापूरकडून 2-1 हरून परतलो. आशियाई चषक 2027 ची वाट तिथंच बंद झाली. महिन्याभरानंतर ढाक्याला बांगलादेशकडूनही 1-0 हार! गोल करायला चाळिशीतल्या छेत्रीला 2025 मध्ये निवृत्तीतून परत आणावं लागलं, यातच सगळं आलं. (माझं मत: गाडी ठरवू नये. पण मत मोजूनच ठरेल.)

- येताना गोव्याच्या गाडीभाड्याची बाकी आणावी. तिघांची राहिली आहे, त्यांना माहीत आहे.
- ग्रुपवर खेळाडूंना आईबहिणीवरून शिव्या नकोत. खेळावर हवं तेवढं बोला.
- खानापूरकरांनी परतीच्या बसची वेळ बघून यावं, बैठक लांबणारच.

चहा ग्रुपतर्फे. कुंदा (आपली बेळगावची मिठाई) मात्र जिंकल्यावरच.

– सेक्रेटरी