आशाताई, माझा डबा तुमच्याकडे आहे

आशाताई,

तुम्ही गावच्या आशा सेविका, लहानथोर तुम्हाला ह्याच नावाने हाक मारतात, म्हणून इथेही तेच लिहिते. हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण मला तिसरा महिना नुकता लागला होता आणि जे झालं ते घरात कुणी तोंडाने उच्चारत नव्हतं. तुम्ही उच्चारलंत, म्हणून मीही सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जूनचे दिवस होते, पाऊस नव्हता, टँकर चालू होते. मंगळवारी सकाळी तपकिरी डाग दिसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, होतं एखादीला, पडून राहा. पडून राहिले आणि आदल्या दिवशी उचललेला हंडा डोळ्यांपुढून जाईना. दुपारी तुम्ही रजिस्टर घेऊन आलात, तेव्हा कसंबसं सांगितलं. तुम्ही रजिस्टर मिटून शेजारी बसलात. "डाग दिसला म्हणजे गेलंच असं नाही. कितीतरी जणींचं पुढे नीट होतं. पण डाग दिसला आणि दाखवलं नाही, असं करायचं नाही." दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला जायचं ठरलं. रात्री काही झालं तर किती वाजता पॅड बदललं ते कॅलेंडरवर लिहून ठेव, असं जाताना बजावलंत.

रात्री दोनला कंबर धरली. ओटीपोटात कळा यायला लागल्या, मग लाल जायला लागलं, गाठी पडल्या. तुम्ही पहिल्याच रिंगला फोन उचललात. रडू नकोस म्हणाला नाहीत. एकेक विचारत गेलात: पोट मधोमध दुखतंय की एका बाजूला? खांदा दुखतोय का? चक्कर? थंडी-ताप? घाण वास? एका बाजूला कळ आणि त्याबरोबर खांदा दुखणं किंवा चक्कर म्हणजे गर्भ नळीत असू शकतो आणि ते जिवावर बेततं, हे मला नंतर कळलं. कॅलेंडरवरच्या वेळा मी वाचून दाखवल्या. तासाला दोन पॅड, सलग दोन तास. तुम्ही म्हणालात, आता थांबायचं नाही, आणि ह्यांना १०८ लावायला सांगितलंत.

गाडी यायच्या आत तुम्ही घरी पोचलात. मोरीत जे पडलं होतं ते मी पाण्याने घालवणार होते. तुम्ही हात धरलात. "फेकू नको. डॉक्टरांना बघू दे, सगळं पडलंय की आत राहिलंय ते कळतं." घाईत हाताला लागला तो माझ्या रुखवतातला स्टीलचा डबा, झाकणावर माझं नाव कोरलेला. तो तुम्ही पदराखाली धरलात आणि दवाखान्यापर्यंत एकदाही खाली ठेवला नाहीत.

पिशवी साफ करावी लागली. माझा रक्तगट निगेटिव्ह, ह्यांचा पॉझिटिव्ह. कार्ड पुढे करून ते तुम्हीच सिस्टरांना दाखवलंत, म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं. पुढच्या बाळासाठी ते किती गरजेचं असतं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या की शंभरातली दहा ते वीस गरोदरपणं अशी जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, आणि निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. मला ते पटलं नव्हतं. घरी आल्यावर तुम्ही तेच सासूबाईंसमोर सांगितलंत, आमच्या भाषेत: हंड्याने नाही, पपईने नाही, एसटीच्या धक्क्याने नाही, कुणाच्या नजरेनेही नाही. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझे दोन गेले. दुसऱ्या दिवशी कांदे लावायला गेले होते." लग्नाला सहा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. बहुधा सासऱ्यांनाही नसावं.

आणि ह्यांना तुम्ही विचारलंत, "दादा, तुम्ही जेवलात का?" तोवर ह्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून रडले.

मी पॅकिंगला जाते त्या कंपनीतून दोन दिवसांनी ये असा निरोप आला. गर्भ पडल्यावरही सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, हे तुमच्याकडून कळलं. डॉक्टरांचा दाखला जोडला, मिळाली. झोप उडाली होती तेव्हा टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलात. दोनदा बोलले, बरं वाटलं.

सातव्या दिवशी अळिवाचे लाडू घेऊन आलात. ते बाळंतिणीला देतात. मी म्हटलं, मला कशाला? तुम्ही म्हणालात, "हेही बाळंतपणच. अंग तेवढंच शिणतं, खा." आशाताई, "पुढच्या वेळी होईल" असं मला पन्नास जणांनी सांगितलं. ह्या वेळचं जे होतं ते होतं, असं फक्त तुम्ही मानलंत. तुम्हाला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. त्या लाडवांचा आणि त्या रात्रीचा मोबदला कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

१६ जानेवारी ही माझी तारीख होती. तुमच्या रजिस्टरमध्ये होती, माझ्या डोक्यात होती, बाकी सगळे विसरले होते. त्या दिवशी तुम्ही तिळगूळ घेऊन आलात आणि तासभर नुसत्या बसलात. उठताना हळूच विचारलंत, "तो डबा घासून ठेवलाय. आणू?" मी मान हलवून नको म्हटलं.

आता हवाय. रविवारी न्यायला येते.

तुमची,
वरच्या आळीतली सून